इंपेरिया जिल्हा : भूरचना, स्थानिक कारभार आणि भाषेची सीमा

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, जेथे आल्प्सच्या दक्षिणेकडील रांगा उतरत उतरत लिगुरियन समुद्रास येऊन भिडतात, तेथे इंपेरिया हा लहानसा जिल्हा वसलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,१५५ चौरस किलोमीटर असून लोकसंख्या दोन लाखांहून थोडी अधिक आहे. पश्चिमेस फ्रान्स, उत्तरेस पीडमाँट विभागातील कूनेओ जिल्हा, पूर्वेस साव्होना जिल्हा आणि दक्षिणेस समुद्र अशी त्याची चतुःसीमा होय. आकाराने व लोकसंख्येने नगण्य वाटणाऱ्या ह्या जिल्ह्याकडे भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे, ह्याला एक विशेष कारण आहे. येथील डोंगराळ भागातील काही वाड्यांची बोली कोणत्या भाषेच्या पोटात घालावयाची, हा प्रश्न एका राष्ट्रीय कायद्यामुळे स्थानिक कारभाराचा प्रश्न बनला आणि त्याचे जे उत्तर निघाले ते बोलीच्या स्वरूपाशी जुळत नाही असे नामवंत संशोधकांनी दाखवून दिले. हा गुंता उलगडण्यासाठी प्रथम भूमी, मग इतिहास, त्यानंतर राज्यव्यवस्था आणि अखेरीस भाषा असा क्रम घेणे सोयीचे आहे. कारण येथे प्रत्येक पुढील गोष्ट मागील गोष्टीवर उभी आहे.

१. परिभाषेविषयी

इटालियन राज्यव्यवस्थेतील संज्ञा मराठीत आणताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. इटलीचे मोठे घटक ‘रेज्योने’, त्यांच्या पोटात ‘प्रोविन्चा’ आणि सर्वांत खाली ‘कोमूने’ अशी ही उतरंड आहे. ‘प्रोविन्चा’ ह्या शब्दासाठी ‘प्रांत’ हा शब्द सहज सुचतो. परंतु तो दोन्ही बाजूंनी फसवा आहे. जुन्या मराठी व्यवहारात ‘प्रांत’ म्हणजे पुष्कळ मोठा प्रदेश. उलट महसुली बोलीत ‘प्रांतसाहेब’ म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखालचा अधिकारी. प्रोविन्चा ह्या दोहोंच्या मधली आहे, म्हणून तिला येथे ‘जिल्हा’ व रेज्योनेला ‘विभाग’ म्हटले आहे. कोमूनेला मात्र नेमका प्रतिशब्द नाही. मराठी वाचकाला नगरपालिका आणि ग्रामपंचायत ह्या भिन्न संस्था परिचित आहेत. इटलीत शेदीडशे वस्तीचे डोंगरी खेडे आणि लाखो वस्तीचे महानगर ही दोन्ही कायद्याच्या दृष्टीने कोमूनेच होत. म्हणून तो शब्द तसाच ठेवला आहे.

२. भूमी

जिल्ह्याची रचना हाताच्या पंजासारखी आहे. तळहाताच्या जागी उत्तरेकडील उंच कणा आणि बोटांच्या जागी समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगरसोंडा. दोन सोंडांमधून एकेक नदी किंवा ओढा वाहतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे येताना रोया, नेर्विया, आर्जेन्तिना, प्रीनो आणि इंपेरो ही खोरी क्रमाने लागतात. उत्तरेच्या कण्यावर सुमारे २,२०० मीटर उंचीचा साक्कारेल्लो हा पर्वत असून तो साऱ्या लिगुरिया विभागातील सर्वोच्च शिखर होय. एवढी उंची आणि समुद्र ह्यांच्यामध्ये सरळ रेषेत जेमतेम तीस किलोमीटरांचे अंतर आहे. त्यामुळे सपाट जमीन नदीमुखांपाशी काय ती थोडी सापडते. उरलेली शेती उतारांवर दगड रचून केलेल्या पायऱ्यांवर चालते. चुना किंवा माती न वापरता निव्वळ दगडावर दगड बसवून बांधलेल्या ह्या बांधांची कला इटलीसह आठ देशांतील अशाच कलेबरोबर युनेस्कोने २०१८ साली अमूर्त वारशाच्या यादीत नोंदविली.

उत्तरेचे डोंगर थंड वाऱ्यांना अडवितात, म्हणून किनाऱ्यावरचा हिवाळा सौम्य असतो. ह्याच कारणाने सानरेमो व बोर्दिगेरा ही गावे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर युरोपातील धनिकांची हिवाळी विश्रांतिस्थाने बनली आणि फुलांची शेती हा येथील मोठा व्यवसाय झाला. खोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात ऑलिव्हची राने आहेत. ‘ताज्जास्का’ ही बारीक फळाची प्रसिद्ध जात ताज्जा ह्या गावाच्या नावावरून ओळखली जाते. त्याहून वर चेस्टनटची झाडी आणि सर्वांत वर मेंढपाळांची कुरणे, असे तीन थर दिसतात.

ह्या रचनेचा मानवी व्यवहारावर झालेला परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. एका खोऱ्यातून शेजारच्या खोऱ्यात जावयाचे तर बहुधा खाली किनाऱ्यावर उतरून पुन्हा वर चढावे लागते. उलट वरच्या कुरणांवर मात्र निरनिराळ्या खोऱ्यांतले मेंढपाळ उन्हाळ्यात एकत्र येत. अर्थात येथे डोंगराचा माथा ही माणसांना तोडणारी रेषा नसून कित्येकदा जोडणारी जागा ठरली. राज्यांच्या सीमा आखणाऱ्यांनी मात्र माथ्याकडे सदैव तोडणारी रेषा म्हणूनच पाहिले.

आज लोकवस्तीचा तोल पूर्णपणे किनाऱ्याकडे झुकलेला आहे. सानरेमो, इंपेरिया आणि वेन्तिमिल्या ह्या तीन कोमूनेंतच जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक माणसे राहतात. जिल्ह्यात एकूण ६६ कोमूने आहेत. २०१८ च्या आरंभी मोन्ताल्तो लिगुरे व कार्पासिओ ही दोन एकत्र झाल्याने ६७ ची संख्या एकाने घटली. ह्यांतील डोंगरावरच्या काही कोमूनेंची वस्ती शे-दोनशेच्या घरात आहे.

३. सीमांचा इतिहास

मध्ययुगाच्या उत्तरकाळापासून ह्या किनाऱ्याच्या बहुतेक भागावर जेनोवाच्या प्रजासत्ताकाचे वर्चस्व होते. त्यात एक लक्षणीय खंड पडला. ओनेल्या हे बंदर दोरिया घराण्याकडे होते; सुप्रसिद्ध आरमारप्रमुख आंद्रेआ दोरिया ह्याचा जन्म १४६६ साली तेथेच झाला. १५७६ साली ते साव्होयच्या ड्यूकला विकण्यात आले. त्यामुळे ओनेल्या साव्होयचे आणि अवघ्या काही किलोमीटरांवरचे पोर्तो माउरित्सिओ जेनोवाचे, अशी स्थिती दोनशे वर्षांहून अधिक काळ राहिली. दोन शेजारी बंदरांची दोन राज्ये, दोन जकाती आणि दोन निष्ठा होत्या. नेपोलियनच्या स्वाऱ्यांत जेनोवाचे प्रजासत्ताक लयाला गेले आणि व्हिएन्नाच्या परिषदेनंतर १८१५ साली सारा लिगुरिया साव्होय घराण्याच्या सार्डिनिया राज्यात आला.

आजच्या जिल्ह्याचा जन्म मात्र १८६० साली झाला, तोही एका वजाबाकीतून. १८५९ च्या राज्यकारभारविषयक कायद्याप्रमाणे सानरेमो व ओनेल्या हे दोन उपविभाग नीस जिल्ह्यात मोडत. पुढल्याच वर्षी २४ मार्च १८६० रोजी झालेल्या तोरीनोच्या तहाने नीस आणि साव्होय फ्रान्सला देण्यात आले. जिल्ह्याचे मुख्य शहरच परराष्ट्रात गेल्यामुळे उरलेल्या पूर्वभागाचा स्वतंत्र जिल्हा करणे भाग पडले. त्याचे मुख्य ठाणे पोर्तो माउरित्सिओ येथे ठेवण्यात आले आणि तेच नाव जिल्ह्यालाही मिळाले.

१९२३ साली पोर्तो माउरित्सिओ, ओनेल्या आणि भोवतालची लहान कोमूने एकत्र करून नवे शहर निर्माण करण्यात आले. दोन्ही जुन्या नावांपैकी कोणतेही न घेता त्याला दोहोंच्या मधून वाहणाऱ्या इंपेरो ह्या ओढ्याच्या नावावरून ‘इंपेरिया’ हे नाव दिले गेले. नावाने ऐक्य झाले तरी व्यवहारात ते सावकाशच झाले. ह्या एका शहरात दोन रेल्वेस्थानके होती आणि नव्या अंतर्गत मार्गावर त्यांच्याऐवजी एकच स्थानक येण्यास २०१६ साल उजाडावे लागले. शिवाय जिल्ह्याचे ठाणे इंपेरिया असले तरी लोकसंख्येने सानरेमो त्याहून मोठे आहे, हा तोलही येथील राजकारणात सतत जाणवतो.

सर्वांत गुंतागुंतीचा इतिहास रोया नदीचा आहे. १८६० च्या तहात तिचे मधले खोरे फ्रान्सला गेले; परंतु उगमाकडची तेन्दा आणि ब्रीगा ही गावे इटलीकडेच राहिली व कूनेओ जिल्ह्यास जोडण्यात आली. राजाच्या शिकारीची राने तेथे होती म्हणून हा अपवाद झाला असे लोक सांगतात. घाटमाथ्याचे लष्करी महत्त्व हेही कारण त्यामागे होते. परिणाम असा, की नदी इटलीत उगम पावे, फ्रान्समधून वाही आणि वेन्तिमिल्यापाशी पुन्हा इटलीत येऊन समुद्रास मिळे. दुसऱ्या महायुद्धानंतर १० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहाने सीमा उत्तरेस सरकली आणि तेन्दा व ब्रीगा फ्रान्सकडे गेली. आता उगम फ्रान्समध्ये व मुख इटलीत आहे. कूनेओ ते वेन्तिमिल्या हा ह्याच खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग १९२८ साली खुला झाला होता. युद्धात तो उद्ध्वस्त झाला आणि संपूर्ण मार्ग पुन्हा सुरू होण्यास १९७९ साल उजाडले. ऑक्टोबर २०२० मधील ‘अलेक्स’ वादळाने खोऱ्यातील रस्ते वाहून नेले तेव्हा दोन देशांत विभागलेल्या नदीची अडचण पुन्हा एकदा प्रत्ययास आली.

ह्या १९४७ च्या फेरबदलात ब्रीगा ह्या एका कोमूनेचे तीन तुकडे झाले. मुख्य गाव फ्रान्समध्ये गेले. माथ्यापलीकडील उपेगा, कार्नीनो व प्याज्जा ह्या वाड्यांची ‘ब्रीगा आल्ता’ ही नवी कोमूने होऊन ती पीडमाँटमध्ये राहिली. रेआल्दो व वेर्देज्जा ह्या दोन वाड्या आर्जेन्तिना खोऱ्यातील त्रिओरा ह्या कोमूनेस, म्हणजेच इंपेरिया जिल्ह्यास, जोडण्यात आल्या. मेंढपाळांचा एकच समाज आणि एकच बोली, पण राष्ट्रे दोन आणि इटलीपुरते विभागही दोन, अशी ही विभागणी होय.

४. स्थानिक कारभार

कोमूने हा इटालियन सार्वजनिक जीवनाचा पाया आहे. तिचा प्रमुख ‘सिन्दाको’ आणि तिची निर्वाचित सभा ह्यांना दीर्घ परंपरा आहे. फॅसिस्ट राजवटीत १९२६ पासून निवडलेल्या सिन्दाकोच्या जागी सरकारने नेमलेला ‘पोदेस्ता’ बसविण्यात आला, तो खंड सोडला तर ही परंपरा सलग आहे. युद्धोत्तर काळात सिन्दाकोची निवड सभा करीत असे. १९९३ च्या कायद्याने ती थेट मतदारांकडे आली. पंधरा हजारांपर्यंत वस्ती असलेल्या कोमूनेंत मतदान बहुधा एकाच फेरीत संपते, त्याहून मोठ्या कोमूनेंत आवश्यक तर दुसरी फेरी होते.

कोमूनेच्या वरची पायरी जिल्ह्याची. जिल्ह्यात दोन सत्ता शेजारी शेजारी नांदतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एक ‘प्रेफेत्तो’ : हा मध्यवर्ती सरकारचा प्रतिनिधी, सुव्यवस्था व आपत्तिनिवारण ह्यांसाठी जबाबदार. आपल्याकडील जिल्हाधिकाऱ्याशी त्याचे साम्य आहे, परंतु जमीनमहसुलाचा कारभार त्याच्याकडे नाही. दुसरी सत्ता जिल्ह्याच्या स्वतःच्या सभेची व अध्यक्षाची. १९४८ साली अमलात आलेल्या राज्यघटनेने विभाग, जिल्हा व कोमूने ह्या तिन्हींना मान्यता दिली; पण लिगुरियासारखे सर्वसाधारण विभाग प्रत्यक्षात १९७० साली सुरू झाले. विभागांना कायदे करण्याचा अधिकार मिळाल्यावर मधल्या जिल्ह्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न तेव्हापासून पुनःपुन्हा विचारला गेला.

त्याचे अर्धेमुर्धे उत्तर ७ एप्रिल २०१४ च्या ५६ व्या कायद्याने दिले. त्याला मंत्री देलरिओ ह्यांच्या नावाने ओळखले जाते. ह्या कायद्याने जिल्ह्याच्या सभेसाठी व अध्यक्षासाठी होणारे थेट लोकमतदान बंद केले. अध्यक्ष हा जिल्ह्यातील सिन्दाकोंपैकी एक असावा आणि त्याची निवड सर्व कोमूनेंचे सिन्दाको व सभासद ह्यांनी करावी, असे ठरले. अध्यक्षाची मुदत चार वर्षे, सभेची दोन वर्षे आणि तीन लाखांपर्यंत वस्ती असलेल्या जिल्ह्याच्या सभेत दहा सभासद, अशी योजना झाली. स्वतंत्र कार्यकारी मंडळ रद्द होऊन सर्व सिन्दाकोंची एक परिषद आली. मतदान ‘वजनी’ ठरले; म्हणजे मोठ्या कोमूनेतील सभासदाच्या मताला लहान कोमूनेतील सभासदाच्या मताहून अधिक भार मिळाला. जिल्ह्याकडे मुख्यतः जिल्हामार्ग, माध्यमिक शाळांच्या इमारती, वाहतुकीचे नियोजन, पर्यावरणरक्षण व प्रदेशयोजना ही कामे राहिली.

हा कायदा करताना जिल्हा ही संस्था लवकरच घटनेतून वगळली जाईल, अशी अपेक्षा होती. परंतु तशी तरतूद असलेली घटनादुरुस्ती ४ डिसेंबर २०१६ च्या सार्वमतात मतदारांनी फेटाळली. त्यामुळे जिल्हा टिकला, पण तो टिकणार नाही असे गृहीत धरून दिलेल्या रूपात टिकला. घटनेच्या ११४ व्या कलमात तो प्रजासत्ताकाचा एक घटक आहे आणि तरीही त्याच्या सभेला मतदारांनी स्वतः निवडलेले नाही, ही विसंगती त्यातून उत्पन्न झाली. इंपेरियासारख्या जिल्ह्यात तिचा अर्थ असा होतो : मते वजनी असल्याने किनाऱ्यावरच्या मोठ्या कोमूनेंचा शब्द जड आणि डोंगरावरच्या लहान कोमूनेंचा हलका. वस्तुतः जिल्हामार्गांची सर्वाधिक गरज असते ती डोंगरावरच्याच गावांना.

५. भाषा आणि तिचे प्रमाणपत्र

लिगुरियाची पारंपरिक बोली इटालियनची अपभ्रष्ट अवस्था नव्हे; लॅटिनपासून स्वतंत्रपणे विकास पावलेली, उत्तर इटलीतील गॅलो-इटालिक गटाची ती भाषा आहे. तिचे ठळक लक्षण म्हणजे लॅटिनमधील ओष्ठ्य व्यंजन आणि ‘ल्’ ह्यांच्या जोडाक्षराचे तालव्यीकरण. लॅटिन ‘प्लानुस्’ (सपाट) ह्यापासून इटालियनमध्ये ‘प्यानो’, ऑक्सितानमध्ये ‘प्लान’, तर जेनोवाच्या बोलीत ‘चान’ असे रूप झाले. ‘पांढरा’ ह्या अर्थी इटालियन ‘ब्यांको’, ऑक्सितान ‘ब्लांक’ आणि जेनोवाचे ‘जांकु’ ही रूपे त्याच नियमाची साक्ष देतात. मोनाकोची जुनी बोलीही लिगुरियनच आहे. म्हणजे भाषेने राष्ट्रसीमेची मर्यादा पाळलेली नाही.

जिल्ह्यातील स्थलनामेही बोलकी आहेत. ‘वेन्तिमिल्या’ हे नाव इटालियन कानाला ‘वीस मैल’ असे ऐकू येते. पण मैलांशी त्याचा काही संबंध नाही. इन्तेमेली ह्या प्राचीन लिगुरियन जमातीच्या नगराचे रोमन नाव ‘आल्बिउम् इन्तेमेलिउम्’, त्याचे पुढे ‘आल्बिन्तिमिलिउम्’ आणि आद्य अवयव गळून आजचे रूप झाले. अर्थ विसरल्यावर लोकांनी नाव ओळखीच्या शब्दांच्या साच्यात बसविले. ‘सानरेमो’ ह्या नावामागेही रेमो नावाचा संत नसून संत रोमुलुस आहे. प्रस्तुत विषयाला हे दाखले पोषक आहेत, कारण एखाद्या गोष्टीला नाव दिले म्हणजे तिचे मूळ सिद्ध होत नाही, हे त्यांवरून स्पष्ट दिसते.

इटलीच्या राज्यघटनेचे सहावे कलम भाषिक अल्पसंख्यांना संरक्षण देते. ते प्रत्यक्षात आणणारा सर्वसाधारण कायदा १५ डिसेंबर १९९९ रोजी, ४८२ क्रमांकाने, मंजूर झाला. त्यात बारा भाषासमूहांची बंदिस्त यादी आहे : आल्बेनियन, कॅटलन, जर्मनिक, ग्रीक, स्लोव्हेन, क्रोएशियन, फ्रेंच, फ्रँको-प्रोव्हांसाल, फ्रिउलियन, लादिन, ऑक्सितान व सार्डिनियन. यादीतील भाषेला शाळेत शिकविण्याची, कोमूनेच्या कामकाजात वापरण्याची आणि जुनी स्थलनामे परत आणण्याची मुभा मिळते. त्यासाठी निधीही असतो. कोणता प्रदेश कोणत्या भाषेचा, हे ठरविण्याचे काम ह्या कायद्याने जिल्ह्याच्या सभेकडे सोपविले. संबंधित कोमूनेतील किमान पंधरा टक्के मतदारांनी किंवा तिच्या सभेच्या एकतृतीयांश सभासदांनी मागणी करावी, जिल्ह्याच्या सभेने कोमूनेंचे मत घ्यावे व प्रदेश निश्चित करावा, अशी पद्धत आहे. ह्या पद्धतीत भाषिक पाहणीची अट कोठेही नाही.

लिगुरियन भाषा ह्या यादीत नाही. त्यामुळे लिगुरियन बोलणाऱ्या डोंगरी गावापुढे दोनच वाटा उरतात : संरक्षणाची आशा सोडणे किंवा यादीतील एखाद्या शेजारी भाषेचे नाव स्वीकारणे. इंपेरिया जिल्ह्यात दुसऱ्या वाटेचा अवलंब झाला. रेआल्दो व वेर्देज्जा ह्या वाड्या असलेले त्रिओरा आणि फ्रेंच सीमेलगतचे ओलिवेत्ता सान मिकेले ह्यांची ऑक्सितान अल्पसंख्य प्रदेशात गणना झाली. ऑक्सितानची मान्यताप्राप्त खोरी कूनेओ जिल्ह्यात जवळच आहेत, ही गोष्ट ह्या दाव्यास पूरक ठरली.

भाषाशास्त्राचा निर्वाळा मात्र निराळा आहे. ब्रीगाची बोली आणि वरच्या रोया खोऱ्यातील तिच्या भगिनी-बोली ह्यांत वर सांगितलेले तालव्यीकरण आढळते. ऑक्सितानमध्ये ते नाही. जर्मन संशोधक व्हेर्नर फोर्नर ह्यांनी ह्या बोलींची ‘आल्पीय लिगुरियन’ अशी मांडणी केली आणि लिगुरियनचे अभ्यासक फिओरेन्त्सो तोसो (१९६२–२०२२) ह्यांनी ऑक्सितान म्हणून झालेल्या नोंदीवर स्पष्ट आक्षेप घेतला. ह्या बोलींत शेजारच्या ऑक्सितानशी जुळणारे विशेष नाहीत असे नव्हे. हे संक्रमणक्षेत्र आहे आणि संक्रमणक्षेत्रात सरमिसळ असावयाचीच. परंतु सरमिसळ मान्य करणे वेगळे आणि पायाभूत लक्षणे दृष्टिआड करून संपूर्ण बोलीला दुसरे नाव देणे वेगळे.

६. समारोप

ह्या प्रकरणात कोणा एकास दोष देऊन भागत नाही. डोंगरावरच्या गावाला आपली बोली शाळेत यावी असे वाटणे स्वाभाविक आहे. कायद्याने ठेवलेल्या एकमेव दारातून ते आत शिरले. जिल्ह्याच्या सभेने तिच्यावर सोपविलेले काम केले. दोष आहे तो बंदिस्त यादीत आणि भाषेचे वर्गीकरण ठराव करून होऊ शकते ह्या समजुतीत. भाषा पाहून सीमा आखण्याचा खटाटोप मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. इंपेरियात घडले ते ह्याच्या उलट : सीमा व यादी आधी ठरली आणि बोलीला त्यांत बसेल असे नाव नंतर देण्यात आले.

अभ्यासकाने ह्यातून घ्यावयाचा बोध पद्धतीविषयीचा आहे. सरकारी यादीवरून काढलेला अल्पसंख्य भाषांचा नकाशा हा मागण्यांचा व ठरावांचा नकाशा असतो. तो बोलींचा नकाशा म्हणून वापरल्यास चूक पुढील ग्रंथांत उतरत जाते आणि काही काळाने तीच प्रमाण मानली जाते. दुसरी गोष्ट त्या बोलीच्या भवितव्याची. ज्या मुलाला शाळेत आपल्या वाडीची बोली शिकावयाची आहे, त्याच्या हाती ऑक्सितानच्या प्रमाणलेखनाचे पुस्तक पडले, तर त्याला आजीच्या तोंडचा शब्द त्यात सापडणार नाही. चुकीच्या नावाने मिळालेले संरक्षण त्या नावाच्या भाषेला मिळते, बोलीला मिळतेच असे नाही. रेआल्दो व वेर्देज्जा येथे बारमाही राहणारी माणसे आता अगदी थोडी आहेत. तेथील बोलीचे काटेकोर वर्णन हे काम म्हणूनच ठरावाची वाट पाहू शकत नाही. ते करण्यासाठी कोणत्याही यादीची परवानगी लागत नाही, बोलणारा माणूस मात्र लागतो.